गोळ्यांची नावे अनेक, औषध एकच

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला होता. मूल तालुक्यातील एका खेड्यातून एक बाई दुपारच्या एसटीने माझ्या दवाखान्यात आल्या. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस, वजन काट्यावर एक्केचाळीस किलो भरले. पहाटे अंधारात जंगलात जायचे, दुपारपर्यंत पाने खुडायची, घरी येऊन पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे, हा त्यांचा पंधरा-वीस दिवसांचा क्रम. अशा कामात कंबर आणि गुडघे धरणारच. पण बाई त्या दिवशी कंबरेसाठी आल्या नव्हत्या. चार दिवसांपासून पोटात आग पडत होती, अन्नावरची वासना उडाली होती आणि पावलांवर सूज दिसत होती.

"गोळ्या कोणत्या सुरू आहेत?" मी विचारले. बाईंनी तोंडाने उत्तर न देता हातातली प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. चार पाकिटे निघाली. एक आठवडी बाजाराच्या गावातील डॉक्टरांनी दिलेले, एक मेडिकलवाल्याकडून मागून घेतलेले, एक कॉलरीत कामाला असलेल्या जावयाने आणून दिलेले. चौथे मी स्वतः दोन महिन्यांपूर्वी लिहून दिलेले होते.

"चारही रोज घेता?"

"घेतो ना जी. एका गोळीनं थांबतच नाही, मग दुसरी घ्या लागते. चारही अलग अलग हायेत डाक्टरसाहेब, रंग पाहा ना."

रंग खरोखरच वेगवेगळे होते. मी पाकिटे उलटी करून मागची बारीक इंग्रजी अक्षरे वाचली आणि कागदावर हिशेब मांडला. पहिल्यात एसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. दुसऱ्यात डायक्लोफेनॅक ५०. तिसऱ्यात नुसते पॅरासिटामॉल ६५०. चौथ्यात निमेसुलाइड १०० आणि पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. तिसरी गोळी दिवसातून तीनदा आणि बाकीच्या दोनदा. म्हणजे एका दिवसात पॅरासिटामॉल झाले ३२५० मिलिग्रॅम आणि त्यावर एकाच जातीची तीन औषधे. बाईंच्या समजुतीप्रमाणे त्या चार औषधे घेत होत्या. प्रत्यक्षात दोनच प्रकारची औषधे त्या प्रमाणाबाहेर घेत होत्या.

वाचकहो, या बाई अडाणी होत्या म्हणून असे घडले, असे कृपा करून समजू नका. याच महिन्यात एका शिक्षकांच्या आणि एका बँकेतील साहेबांच्या पिशवीतून मी अशीच पाकिटे काढली आहेत. फरक एवढाच की साहेबांची पिशवी चामड्याची होती.

दुखण्यावरच्या गोळ्यांची नावे दुकानात शेकडो आहेत, पण रोजच्या वापरात मुळात घराणी दोनच. पहिले घराणे एकट्या पॅरासिटामॉलचे. क्रोसिन, कालपोल, डोलो ही सारी त्याचीच नावे. ताप आणि दुखणे दोन्ही उतरवते, सूज मात्र फारशी कमी करत नाही. दुसरे घराणे मोठे आहे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, एटोरिकॉक्सिब ही सगळी भावंडे. आपल्या तोंडी असलेली ब्रुफेन, व्होव्हेरान, नाइस, डिस्प्रिन ही याच घराण्यातली. यांना आपण सुजेवरच्या गोळ्या म्हणू. मग येतात जोडगोळ्या. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ आहे. झेरोडॉल-पी म्हणजे एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. डोकेदुखीच्या सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल आहे, सर्दी-पडशाच्या बहुतेक गोळ्यांतही आहे, आणि जोरदार म्हणून दिल्या जाणाऱ्या ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतही ते आहेच. मासिक पाळीत पोट दुखले की मुली घेतात त्या मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड आहे, म्हणजे तीही सुजेवरचीच गोळी.

यातून पहिली गोष्ट निघते ती ही की, सुजेवरच्या दोन गोळ्या एकाच वेळी चालू ठेवायच्या नाहीत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शरीराला इजा झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखणे, सूज, ताप हा त्यांचा उद्योग. अ‍ॅस्पिरिन ही द्रव्ये तयार होऊ देत नाही, हे इंग्लंडचे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अ‍ॅस्पिरिनची सगळी भावंडे हेच करतात. एकाच दाराला ती कुलूप लावतात. पहिल्या गोळीने दार बंद झाले असेल तर दुसरे कुलूप लावून ते जास्त बंद होत नाही. दुखणे आणखी थांबत नाही, अपाय मात्र वाढत जातो. कारण हीच प्रोस्टाग्लँडिने जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि पाणी कमी पडले तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. कंबर वाचवताना पोट आणि मूत्रपिंड उघडे पडते ते असे.

केंद्र सरकारने २०१६ साली ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांतील ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. त्या यादीत निमेसुलाइड आणि डायक्लोफेनॅक यांची एकत्र गोळी आहे. म्हणजे जी जोडी एका गोळीत भरून विकायला कायद्याने मनाई आहे, तीच जोडी आपण दोन पाकिटांतून बिनदिक्कत तोंडात टाकतो. निमेसुलाइडबद्दल आणखी एक सांगून ठेवतो. अमेरिकेत हे औषध कधी विक्रीला आलेच नाही. आपल्याकडे २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यास बंदी आहे, आणि २०२५ च्या डिसेंबरात सरकारने १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रेच्या, लगेच विरघळणाऱ्या गोळ्याही बंद केल्या. यकृताची चिंता हे त्यामागचे कारण. मी स्वतः ते लिहिणे बऱ्याच वर्षांपूर्वी सोडले. तरी ताप आलेल्या लेकराला अर्धी नाइस देणाऱ्या आया मला अजून भेटतात, आणि देणारा कोण, तर घरातला शिकलेला काका.

आता पॅरासिटामॉल. याला लोक साधी गोळी म्हणतात. मात्रेत घेतली तर ती साधीच आहे, आणि दुखण्यासाठी सुरुवात करावी तर तिनेच. धडधाकट प्रौढ माणसाला २४ तासांत ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि दोन गोळ्यांच्या मध्ये निदान चार ते सहा तास. पण ही मर्यादा पुस्तकातल्या माणसाची आहे. आपल्याकडच्या रोवणी करणाऱ्या बाया चाळीस-बेचाळीस किलोच्या असतात. मी किलोमागे एका वेळी १५ आणि दिवसभरात ६० मिलिग्रॅम असा हिशेब धरतो. एक्केचाळीस किलोच्या बाईला दिवसाचे साधारण २४०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे पाचशेच्या चार गोळ्या, फार तर त्यापेक्षा किंचित अधिक. आमच्या बाई घेत होत्या ३२५०. उपाशी राहणारा, हाडे निघालेला, कावीळ होऊन गेलेला आणि रोज दारू पिणारा, यांनी आणखी जपून घ्यावे.

दारूचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. बंदी होती तेव्हाही आणि उठली तेव्हाही माझ्यासमोरच्या बाकावर घेणारे बसतच आले. म्हणून मी लाजलज्जा न ठेवता प्रत्येकाला विचारतो. मोहाची असो की सीलबंद, रोज घेणाऱ्याच्या यकृतावर पॅरासिटामॉलचा भार लवकर पडतो आणि सुजेवरच्या गोळीने त्याच्या जठरातून रक्त लवकर वाहते. डॉक्टरपुढे खोटे बोलून वाचतो कोण?

पॅरासिटामॉल जास्त झाल्याचे पहिल्या दिवशी कळत नाही, ही यातली सर्वांत वाईट गोष्ट. थोडी मळमळ होते, माणूस हिंडतोफिरतो, घरचे निर्धास्त होतात. यकृत बिघडल्याचे दोन-तीन दिवसांनी डोळ्यांत पिवळेपणा आल्यावर लक्षात येते. यावर उतारा आहे, मोठ्या रुग्णालयांत मिळतो, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. रागाच्या भरात किंवा चुकून कोणी मूठभर गोळ्या घेतल्या असतील, तर "काही झालेलं दिसत नाही" म्हणून रात्र काढू नका. त्याच क्षणी जिल्हा रुग्णालय गाठा, रिकामे पाकीट बरोबर न्या.

पोटाविषयी आपल्या भागात तीन समजुती आहेत आणि तिन्ही अर्ध्या खऱ्या. पहिली, जेवून गोळी घेतली की काही होत नाही. जेवणाने जळजळ कमी होते हे खरे, पण व्रण पडण्याचे टळत नाही. दुसरी, सुई घेतली म्हणजे पोट वाचते. डायक्लोफेनॅकची सुई कमरेत मारली तरी औषध रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोहोचतेच, तिथले संरक्षण काढून घेतेच. सकाळी सुई आणि दुपारी तीच गोळी, म्हणजे एकाच औषधाच्या दोन मात्रा. तिसरी, सोबत गॅसची गोळी आहे ना! ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांनी जठराला चांगले संरक्षण मिळते, साठीच्या पुढच्या माणसाला मी ती देतोच. परंतु मूत्रपिंडाला तिचा काडीचा उपयोग नाही.

व्रणातून रक्त जाऊ लागले तर शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि घाण वासाचे होते. पोट दुखेलच असे नाही. दुखणे दाबणारे औषध पोटात आहे ना. काळे शौच, चक्कर, एकदम आलेला थकवा, यांपैकी काही दिसले तर गोळ्या बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. तेव्हा त्या सुरू असतील तर तसे सांगावे.

ज्यांना हृदयासाठी इकोस्प्रिन चालू आहे, त्यांच्या पोटात सुजेवरच्या घराण्यातले एक औषध आधीच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यावर गुडघ्यासाठी दुसरी गोळी चढली की रक्तस्रावाची भीती वाढते. शिवाय आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतले तर हृदयाला मिळणारा अ‍ॅस्पिरिनचा फायदाच अडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली तशी सूचना काढली. अशा रुग्णांनी दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे आणि त्यापलीकडचे काही लागलेच तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

पुडीबद्दल न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आठवडी बाजाराच्या दिवशी कागदाच्या पुडीत तीन-चार सुट्या गोळ्या मिळतात. रोगी दोन दिवसांत टुणटुणीत होतो आणि त्या डॉक्टरची कीर्ती पाच गावांत पसरते. त्या पुडीत पुष्कळदा सुजेवरच्या गोळीबरोबर स्टेरॉइडची बारीक गोळी असते. स्टेरॉइड हे उत्तम औषध आहे, दम्यात मी स्वतः देतो. पण सुजेवरच्या गोळीबरोबर ते पोटात गेले की व्रणाचा धोका पुष्कळ वाढतो, आणि महिनोन्महिने घेतले तर साखर, रक्तदाब, हाडे सगळेच बिघडते. सांधेदुखीवरच्या नाव नसलेल्या देशी भुकट्यांतही स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. ज्या गोळीचे नाव तुम्हाला माहीत नाही, ती दुसऱ्या कोणत्याही गोळीबरोबर सुरक्षित आहे की नाही, हे मी कशावरून सांगू? पुडी देणाऱ्याला नाव लिहून मागा. न देणाऱ्याकडची पुडी घेऊ नका.

आता माझ्याच चुकीची हकीकत. दहा-बारा वर्षांपूर्वी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक डंपरचालक नवतपाच्या दिवसांत माझ्याकडे आले. पाठीचे जुने दुखणे. वर्षानुवर्षे डंपरचे हादरे खाल्लेली पाठ. बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश तापमान, दवाखान्यात पन्नास माणसे. मी त्यांना सुजेवरची गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली आणि पुढचा माणूस बोलावला. रक्तदाबासाठी ते दुसऱ्या डॉक्टरांकडून टेल्मिसार्टन आणि लघवी वाढविणारे हायड्रोक्लोरोथायझाइड अशी जोडगोळी घेत होते. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा लग्नाच्या पंगतीनंतर त्यांना जुलाब लागले. पाठ दुखतच होती म्हणून माझी गोळी त्यांनी इमानाने चालू ठेवली, रक्तदाबाचीही. सहाव्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा लघवी जवळजवळ बंद होती. क्रिएटिनिन सहाच्या वर. नागपूरला नेले, काही वेळा डायलिसिस झाले, मूत्रपिंडे हळूहळू पुन्हा कामाला लागली. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. ते आजही माझ्याकडे येतात. लावला असता तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

तीन औषधांच्या या मेळाची आम्हा डॉक्टरांना पुस्तकात ओळख करून दिलेली असते. मूत्रपिंडातील गाळणीला आत येणारे रक्त आणि बाहेर जाणारे रक्त यांच्यात एक ताण राखावा लागतो. नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' असलेली रक्तदाबाची औषधे बाहेरची वाट सैल करतात. लघवी वाढविणारे औषध शरीरातले पाणी कमी करते. सुजेवरची गोळी आत येणारी वाट आखडते. एकेकटे असताना मूत्रपिंड निभावून नेते, तिन्ही एकत्र आली आणि त्यात उन्हाने किंवा जुलाबाने पाणी आटले की गाळणी बसते. चंद्रपूरच्या उन्हाळ्याइतकी या अपघाताला सोयीची जागा क्वचित असेल. भट्टीजवळ, खाणीत, विटांच्या कामावर, तेंदूपत्त्याला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. उलट्या-जुलाब सुरू झाले, ऊन लागले, लघवी कमी व गडद होऊ लागली की सुजेवरची गोळी त्या क्षणी बंद. रक्तदाबाच्या गोळीचे काय करायचे ते डॉक्टरला त्याच दिवशी विचारावे, मनाने ठरवू नये.

मूत्रपिंडाच्या या दुखण्याची एक साक्ष आपल्या जंगलातच आहे. देशभरातील गिधाडे १९९० च्या दशकात झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक संपली. कारण २००४ साली उघड झाले. दुखण्यासाठी ज्या जनावरांना डायक्लोफेनॅक टोचले होते, त्यांचे मढे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद करण्याचा आदेश निघाला. माणसांसाठीची मोठी बाटली जनावरांना वापरली जाते म्हणून २०१५ साली सुईचे औषध ३ मिलिलिटरच्या एकमात्रेच्या कुपीतच विकायचे ठरले. गडचिरोलीत वनविभागाने कुनघाडा, निमगाव अशा ठिकाणी गिधाडांसाठी 'उपहारगृहे' काढली, तिथे औषध न टोचलेली मेलेली जनावरे ठेवली जात. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. गिधाडाला हे औषध कणभरही सोसत नाही, आपल्याला मात्रेत सोसते. तरीपण गिधाडांसाठी जनावराला कोणते औषध दिले होते याची चौकशी झाली, आणि माझ्या डंपरचालकासाठी मी ती केली नाही, हे मला विसरता येत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी दोघांना जपावे लागते. सिकलसेलच्या रुग्णांना दुखण्याचे झटके असह्य असतात आणि त्यांची मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. त्यांनी मेडिकलमधून गोळ्यांवर गोळ्या चढवू नयेत. भरपूर पाणी, पॅरासिटामॉल आणि लवकर दवाखाना, हा क्रम ठेवावा. दुसरे, पावसाळ्यातले तापकरी. ताप मलेरियाचा की डेंग्यूचा हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज काहीही घेऊ नका. डेंग्यूमध्ये प्लेटलेट उतरलेल्या असताना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक दिले तर रक्तस्राव होऊ शकतो. अंग मोडून आले म्हणून सुई मारून घेण्याची आपल्याकडची हौस इथे फार महागात पडते. गरोदर बाईने पाचव्या महिन्यापासून पुढे सुजेवरची गोळी डॉक्टरने स्वतः सांगितल्याशिवाय घेऊ नये.

इतके सांगितल्यावर लोक विचारतात, मग दुखणे सोसत बसायचे काय? मुळीच नाही. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईला "आराम करा" सांगणे ही चेष्टा आहे. काम थांबले की मजुरी थांबते. गडचिरोलीच्या सर्च संस्थेत शोधग्रामला मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक येऊन शिबिरे घेत आले आहेत. खेड्यापाड्यांतली कंबरदुखी किरकोळ तक्रार असती तर त्यांना इतक्या लांब येण्याचे कारण नव्हते.

दोन औषधे एकत्र घेता येतात, ती वेगळ्या घराण्यांची असली तर. पॅरासिटामॉल आणि सुजेवरची कोणतीही एकच गोळी, ही जोडी निरोगी माणसाला थोड्या दिवसांसाठी चांगली लागू पडते, आणि दोघींची शक्ती मिळून उतार अधिक पडतो. मात्र जोडगोळी घेत असाल तर त्यातले पॅरासिटामॉल हिशेबात धरायचे, वरून डोलो घ्यायची नाही. सुजेवरची गोळी कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस. पाच-सात दिवसांत उतार नसेल तर गोळी बदलण्याऐवजी दुखण्याचे कारण शोधायचे. एका गुडघ्याचे किंवा मनगटाचे दुखणे असेल तर डायक्लोफेनॅकचे मलम चोळावे. त्यातले फार थोडे औषध रक्तात जाते, पोटाला व मूत्रपिंडाला त्रास पुष्कळ कमी. शेक, कमरेचे व्यायाम, ओझे उचलताना गुडघ्यात वाकणे, यांचा कोणत्याही गोळीशी तंटा नाही.

ट्रॅमाडॉल हे तिसऱ्या घराण्याचे, अफूच्या नात्यातले औषध. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. त्याने झोप येते, मळमळते, सवय लागते. फिट येणाऱ्याने ते घेऊ नये. झोपेच्या गोळीबरोबर, नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिनबरोबर किंवा दारूबरोबर घेतले तर श्वास मंदावू शकतो. खाणीत यंत्र चालविणाऱ्याने ते घेऊन पाळीवर जाऊ नये.

यात सगळा दोष रोग्याचा आहे असे मी मानत नाही. पाकिटावर कंपनीने ठेवलेले नाव ठळक आणि आतल्या औषधाचे नाव मुंगीच्या अक्षरात, तेही बहुधा इंग्रजीत. दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव असलेला तुकडा कधी कधी दुकानातच राहतो. २०२३ पासून तीनशे नामांकित औषधांवर मोबाइलने वाचता येणारे चौकोनी चिन्ह छापावे लागते. चांगले आहे, पण आमच्या बाईंच्या घरी तो मोबाइल नाही. औषधाचे मूळ नाव मराठीत आणि डोळ्याला दिसेल अशा टायपात छापण्याची सक्ती झाली तर पुष्कळ अपघात टळतील. जनऔषधीच्या दुकानात मूळ नावानेच औषध मिळते ही सोय आहे. फक्त घरात झेरोडॉल-पी चालू असताना तिथून एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल वेगळे औषध समजून आणू नका. आणि आम्ही डॉक्टर? "आधी काय घेता?" हे विचारायला अर्धे मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटाची कंजुषी आम्हीच करतो. डंपरचालकानंतर मी दवाखान्यात एक पाटी लावली आहे: घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात. दहातले चार जण आणतात.

आमच्या बाईंचे क्रिएटिनिन १.७ आले. चारही पाकिटे बंद केली, पोटासाठी गोळी दिली, पाणी वाढवायला सांगितले, कंबरेला शेक आणि गरज पडली तरच पॅरासिटामॉल ५००. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा क्रिएटिनिन ०.९ वर आले होते, सूजही उतरली होती. जाताना त्यांनी टेबलावरच्या पाकिटांकडे हात केला.

"याहीचं आता का करू जी? पैसे देऊन घेतल्या. शेजारनीचे बी गुडघे दुखतेत, तिले देऊ काय?"

मी पाकिटे माझ्याकडे ठेवून घेतली आणि शेजारणीला तिच्या पिशवीसकट पाठवायला सांगितले. ती पुढच्याच बुधवारी आली. तिच्या पिशवीत पाच पाकिटे होती.